चिठ्ठ्या लावलेले डबे

आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे सांगलीला राहायला आले तेव्हा त्यांच्या एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत एक झारा, लांब दांड्याचा डाव आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सुरी होती. मला हसू आलं.

"आबा, माझ्याकडं सुरी नाही असं वाटलं का तुम्हाला?"

"हाय की. पण तुझी सुरी भाजी कापत न्हाई, चेंगारती," ते म्हणाले आणि ती तिन्ही हत्यारं माझ्या ओट्यावर ओळीनं मांडून मोकळे झाले.

आबा फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हेत. ते पलटणीच्या लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात होते. चोवीस वर्षं त्यांनी शे-सव्वाशे माणसांचा स्वयंपाक केला. वडूजच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथं घरटी एक माणूस फौजेत आहे. सुट्टीवर आलेले बाकीचे फौजी देवळापुढं बसून सीमेवरच्या गोष्टी सांगायचे. आबा घरी आले की पहिल्याच सकाळी आईला चुलीपुढनं उठवायचे. आईला ते आवडायचं आणि शेजारणींनी बघितलं तर लाजही वाटायची. आबांना फक्त शंभर माणसांचं माप ठाऊक होतं. चौघांसाठी डाळ किती घ्यायची हे त्यांना कधी जमलं नाही, त्यामुळं ते सुट्टीवर असले की आमच्या गल्लीतली सगळी पोरं आमच्याकडं जेवायला असायची.

आई गेली तेव्हा आबा सत्तरीला आलेले होते. साखर होतीच, ती वाढली. भाऊ आणि वहिनी दिवसभर रानात. कधी जेवायचं, काय जेवायचं, कशाला धरबंध राहिला नाही. भावाचा फोन आला की त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, "आबांनी आजबी गोळी घ्येतली न्हाई." शेवटी मीच म्हणाले, मी नेते. मी माधवनगरला एकटी राहते. लग्न मोडलं त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, खिडकीतून जुन्या गिरणीची भिंत दिसते. नोकरी एका विमा कंपनीत, शाखातपासणीची. आज विटा, उद्या कराड, परवा सातारा, महिन्यातनं दोनदा वडूज. सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि रात्री आठ वाजता परत यायचं.

इथं मला माझ्या खाण्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातनंच निघालं.

फिरतीच्या नोकरीत पहिली काही वर्षं मी स्टँडवरच जगले. सकाळी वडापाव, दुपारी मिसळ, संध्याकाळी चहात बुडवून बटर. चाळिशी गाठेपर्यंत पित्त, वजन, गुडघे सगळं एकदम आलं. साताऱ्याच्या शाखेत एकदा खुर्चीतनं उठताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन मी टेबलावर आदळले. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारा. मी म्हणाले, स्वयंपाकाला वेळ नाही. ते म्हणाले, मग स्वयंपाक न करता सुधारा.

ते वाक्य मी फार मनावर घेतलं. रविवारी एकदाच कुकर लावायचा. एका भांड्यात हरभरे, दुसऱ्यात चवळी. मूग आणि मटकी भिजवून फडक्यात बांधून टांगायची, की मंगळवारपर्यंत मोड. कोपऱ्यावरच्या बायकांच्या गटाकडनं कडक भाकरी आणायची, ती आठवडाभर टिकते. दही घरी लावायचं. काकडी, गाजर, मुळा धुऊन पुसून ठेवायचे. शेंगदाणे रात्री भिजत घालायचे. पातळ पोहे, त्यावर ओलं खोबरं, कांदा, लिंबू, कोथिंबीर, झाले दडपे पोहे. गॅस आठवड्यातनं दीड तास पेटायचा. सहा महिन्यांत माझं वजन उतरलं, पित्त गेलं. ऑफिसातल्या बायका डब्यात डोकावून विचारायच्या आणि मी सांगायचे. सांगताना माझा आवाज जरा चढायचा, हे मला तेव्हाही कळत होतं. आयुष्यात बाकी फारसं काही जमलेलं नव्हतं, हे जमलं होतं.

आबा आले तेव्हा मी ठरवलं, त्यांचीही साखर अशीच खाली आणायची.

पहिले पंधरा दिवस त्यांनी स्वयंपाक केला. मी घरी यायचे तेव्हा ओट्यावर पातेलंभर आमटी, डबाभर भात आणि वर बटाट्याची भाजी असायची. फ्रीज भरून जायचा. मी चिडायचे. मग एक दिवस दार उघडलं आणि गॅसचा वास आला. आबा खिडकीपाशी खुर्चीत झोपलेले, वाऱ्यानं शेगडी विझलेली आणि बटण सुरूच. खिडकी उघडी होती म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायला लागले आणि कपाटाला कुलूप.

"ह्ये कशाला?" आबांनी विचारलं.

"तुमच्याच जिवासाठी आबा."

त्यांनी त्या मोकळ्या सिलिंडरवर एकदा टिचकी मारली. मग टाचा जुळवून त्यांनी मला सलाम ठोकला. "आर्डर हाय म्हनल्यावर हाय." मी हसले, तेही हसले. त्यांचं हसणं खोटं होतं हे मला आज कळतं असं म्हणणं खरं होणार नाही. तेव्हाच कळलं होतं. पण साडेसातची गाडी होती.

मग डबे सुरू झाले. रोज तीन स्टीलचे डबे टेबलावर. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, सकाळी नऊ, दुपारी दीड, संध्याकाळी सात. नऊच्या डब्यात दडपे पोहे नाही तर ज्वारीच्या लाह्या आणि दही. दीडच्या डब्यात मोड आलेले मूग, काकडी, टोमॅटो, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सातच्या डब्यात उकडलेले हरभरे, एक पेरू आणि ताक. गोळ्या झाकणावर.

पहिल्या दिवशी त्यांनी दीडचा डबा उघडून बघितला. "आगं, ह्ये आमच्याकडं खेचरांना देत्यात."

"म्हणूनच खेचरं डोंगर चढतात," मी म्हणाले.

"चढत्यात खरं. पण खूश दिसत न्हाईत."

दुसऱ्या एका सकाळी मी माझा डबा भरत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कवा खातीस ह्ये?"

"दुपारी. टेबलावर काम करता करता."

"एकलीच?"

"मग काय पंगत बसवू?"

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण घट्ट लावून दिलं. रात्रीही जेवण वेगवेगळंच. साखरेच्या माणसानं सातला जेवावं म्हणून त्यांनी सातला टीव्हीपुढं डबा संपवलेला असायचा. मी आठला यायचे आणि लॅपटॉप उघडून त्याच्या शेजारी माझी वाटी ठेवायचे. एका घरात आम्ही दोघं चांगलं, पौष्टिक खात होतो आणि एका वेळी कधीच खात नव्हतो.

तीन महिन्यांनी त्यांची साखर तपासली, बरीच उतरली होती. मी तो कागद ऑफिसात नेऊन दाखवला.

दिवाळीनंतर आबा बदलले. सकाळी मी निघताना ते आधीच दाढी करून तयार असायचे. मोजे घालायचे. कुठं निघालात म्हटलं तर म्हणायचे, "जिना चढउतार करतो. डाक्टर म्हनला न्हाई का, चाला म्हून." एकदा त्यांच्या स्वेटरला फोडणीचा वास आला. मी विचारलं. "खालनं येतुय वास," ते म्हणाले. खालच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहत होतं. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर, बायको घरी ब्लाऊज शिवायची. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला ताई. आमचं बोलणं पाण्याच्या मोटारीपलीकडं कधी गेलं नव्हतं.

मग तो बुधवार आला. विट्याच्या शाखेत वीज नव्हती म्हणून तपासणी पुढं ढकलली आणि मी तिथं दोन तास वाट बघून परत फिरले. घरी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दाराला कुलूप. जिन्यात उभी राहून मी फोन लावणार, तोच खालून आबांचा आवाज ऐकू आला. मोठा, मोकळा आवाज. तसा आवाज मी लहानपणी सुट्टीत ऐकला होता.

"अय पोरी, बघ ही! फुगू द्यायची. दाबायची न्हाई, नुसतं तेल उडवायचं वरनं!"

मी खाली गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्याभोवती लग्नसराईच्या ब्लाऊजांचा ढीग. आत ओट्यापाशी आबा उभे, कमरेला टॉवेल, हातात त्यांचा तो झारा. कढईत पुऱ्या. शेजारी पातेल्यात बटाट्याचा रस्सा. आबांच्या डाव्या हातात एक पुरी मोडलेली आणि ती त्यांनी तोंडाजवळ नेलेली.

"आबा!"

ते दचकले. शाळेतल्या मुलासारखे दचकले.

"काय चाललंय हे?"

"काय न्हाई गं. ही पोरगी दिसभर मशीनवर असती, म्हटलं जरा—"

"किती खाल्ल्या?"

"एकबी न्हाई."

"हातात काय आहे मग?"

"वास बघत हुतो. तेल जास्त तापलं का कमी, मोडल्यावर वासावरनं कळतं."

"मला शिकवू नका आबा. मी मरमर करून चार वाजता उठते, डबे भरते, आणि तुम्ही इथं येऊन पुऱ्या खाता?"

भाभी पुढं झाली. तिच्या गळ्यात टेप तसाच लोंबत होता. "ताई, चाचा खात नाहीत हो. खरंच. ते फक्त—"

"तुम्ही मधे बोलू नका. त्यांना शुगर आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात दवाखान्यात?"

तिचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि मला थांबता आलं नाही. कोपऱ्यात स्टुलावर माझा डबा होता, चिठ्ठीसकट. मी झाकण काढलं. मूग, काकडी, भाकरी, सगळं जसंच्या तसं. मी तो डबा आबांच्या पुढं धरला. "हा बघा. हात तरी लावलाय का?"

आबांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांनी गॅस बारीक केला. झारा पुसला. कमरेचा टॉवेल सोडून घडी घातला. भाभीला म्हणाले, "तेवढ्या पुऱ्या तळून घे पोरी. कणीक सुकंल." आणि माझ्याआधी जिना चढायला लागले.

वर आल्यावर मी म्हणाले, "उद्यापासनं खाली जायचं नाही."

"आर्डर हाय का?"

"हो. ऑर्डर समजा."

या वेळी त्यांनी सलाम केला नाही. खिडकीपाशी जाऊन बसले. दीड वाजता उठले, माझ्यासमोर तो डबा खाल्ला, धुतला आणि पालथा घातला.

पुढच्या सोमवारी त्यांच्या तपासणीची पाळी होती. मी मुद्दाम अर्धा दिवस रजा काढली. आता आबांचं पितळ उघडं पडणार आणि डॉक्टर त्यांना माझ्यादेखत झापणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वा! मागच्या वेळेपेक्षाही चांगली आहे."

मी म्हणाले, "हो, आता आठवडाभर पथ्य नीट चाललंय."

"आठवड्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "ही तीन महिन्यांची साखर आहे. मागच्या तीन महिन्यांत रोज काय खाल्लं, ते सगळं यात उतरतं. चार दिवस उपास केला म्हणून ही फसत नाही. बाबा, तुम्ही तीन महिने कडक पथ्य पाळलंय. मुलगी चांगली आहे तुमची."

"व्हय," आबा म्हणाले. "तिच्यामुळंच."

मी कागदाकडं बघत होते. मागचे तीन महिने म्हणजे दिवाळीपासूनचे. मोजे घालून खाली जायचे ते सगळे दिवस. मग मला त्या बुधवारची वेळ आठवली. मी झाकण काढलं तेव्हा बारा वाजले होते. चिठ्ठी दीडची होती. डबा भरलेलाच असणार. मीच ती वेळ लिहिली होती.

रिक्षात आम्ही शेजारी बसलो. आबा रस्त्यावरच्या द्राक्षांच्या गाड्यांकडं बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, आबा, चुकलं माझं, तुम्ही खरं सांगत होता. विश्रामबागेच्या चौकात म्हणू, असं वाटलं. मग म्हटलं, घरी गेल्यावर. घरी गेल्यावर ऑफिसचा फोन आला आणि मी दुपारच्या गाडीनं इस्लामपूरला गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ते वाक्य तीन-चार प्रकारे जुळवून बघितलं. रात्री दार उघडलं तर तिन्ही डबे धुऊन पालथे घातलेले, आबा टीव्हीपुढं.

"जेवलात?"

"व्हय."

एवढंच झालं. मग आठवडा गेला, मग दुसरा. खाली जाऊन भाभीला काही बोलणं तर त्याहून अवघड. जिन्यात ती दिसली की मी मोबाइल कानाला लावायचे. चूक कळायला मला एक सकाळ पुरली होती. ती बोलून दाखवायला मी दीड वर्ष लावलं. आपण चांगल्यासाठी केलं, हेच वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की दुसरं वाक्य तोंडात यायला जागाच राहिली नाही.

आबांनी डबे खाणं सोडलं नाही. एक दाणा टाकला नाही. पण ते वाळत गेले. दाढी दोन-दोन दिवसांनी करायला लागले. मोजे काढून ठेवले ते ठेवलेच. मी एकदा म्हणाले, "आबा, जरा पाय मोकळे करा." तर म्हणाले, "कुटं जाऊ?" त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

थंडी सरता सरता त्यांनी गावाला जायचं काढलं. "कांदा काढायला आला आसंल. त्याला हात लागंल माजा." ते काही कांदा काढणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाऊ जीप घेऊन आला. मी डब्यांची सगळी माहिती एका कागदावर लिहून भावाच्या खिशात घातली. आबा पायऱ्या उतरताना भाभीच्या दारापाशी थांबले. ती बाहेर आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती डोळे पुसत आत गेली. मी एक पायरी वर उभी होते.

आबा गावी गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी खाली गेले. हातात काहीतरी असावं म्हणून एक पपई घेऊन गेले. भाभीनं आत बोलावलं, खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. मी म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोलले."

"जाऊ द्या ताई. बापाची काळजी होती तुम्हाला."

मग तिनं आपणहून सांगितलं. दिवाळीनंतर लग्नसराईच्या ऑर्डरी इतक्या आल्या की तिला चूल पेटवायला सवड नव्हती. नवरा-बायको दोघं दुपारी चहा आणि पाव खायचे. आबा एकदा पाण्याची मोटार बंद करायला सांगायला आले आणि ते बघून दारातच उभे राहिले. म्हणाले, मी दोन माणसांचं करून देतो, फकस्त मला माप सांग. "पहिल्या दिवशी किलोभर डाळ भिजवली हो त्यांनी," ती हसली. "मग मीच वाटीनं शिकवलं. चौथ्या दिवशी बरोबर जमलं तर केवढे खूश झाले!"

मी विचारलं, "ते काही खायचे नाहीत?"

"पाणी सोडून काही नाही. मी म्हणायची, चाचा, एक घास तरी. तर म्हणायचे, न्हाई, वरनं हुकूम हाय. रोज दीडला आम्ही तिघं इथं खाली बसायचो. आम्ही त्यांनी केलेलं खायचो, ते तुमचा डबा उघडायचे. मलाही द्यायचे त्यातनं मूग. म्हणायचे, खाऊन बघ, माझ्या पोरीनं केलंय, सकाळी चारला उठून."

मी पपईवरचं बोट काढून घेतलं. माझ्या नखाची खूण तिच्या सालीवर उठली होती.

"चवीला चांगले असायचे हो मूग," ती म्हणाली. "आता आम्हीपण भिजवतो. शिवणकामात बरं पडतं."

त्या उन्हाळ्यात इथला माग बंद पडला आणि ते कुटुंब इचलकरंजीला गेलं. तिच्याकडं मी दोन-तीनदाच गेले असेन. तेवढ्या वेळा गेले हे बरं झालं, पण ती गेल्यावर त्या खोलीतल्या आबांची आठवण काढणारं माणूस इथं उरलं नाही.

गावी मी महिन्यातनं एकदा जायचे. आबा अंगणात पत्र्याच्या सावलीला बसलेले असायचे. त्यांच्या हाताला कंप सुटला होता. आधी चहाचा कप हिंदकळायचा, मग वाटीही धरवेना. वहिनी म्हणाली, एकदा त्यांनी हौसेनं भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं, तेव्हापासून आपणहूनच बाजूला झाले. मला आठवलं, माझ्याकडं होते तेव्हा त्यांचे हात अगदी स्थिर होते. ते हात मी कुलपाआड ठेवले. तो उरलेला शेवटचा काळ आहे हे मला कोण सांगणार होतं, असं मी म्हणू शकते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे हात किती दिवस चालणार, हे कुणी सांगायला लागत नाही.

दीड वर्षानं एका रविवारी शेवटी बोलले. औंधला यमाईचं दर्शन करून आम्ही जीपनं परतत होतो. भाऊ वाटेत डिझेल भरायला उतरला. गाडीत आबा आणि मीच.

"आबा, त्या दिवशी खाली मी तुमच्यावर ओरडले."

"कवा?"

"सांगलीला. पुऱ्या तळत होता तेव्हा. तुम्ही काही खाल्लं नव्हतं. मला नंतर आठवड्याभरात कळलं होतं. मी बोलले नाही."

ते समोरच्या काचेतून भावाकडं बघत होते. मला वाटलं, त्यांना आठवत नाही.

"तुजं बरुबर हुतं," ते म्हणाले. "गॅस म्याच चालू ठिवला हुता. एकांदा मेला आसता. आन साखर तुज्याच डब्यांनी उतरली. डाक्टर म्हनला न्हाई का?"

"तसं नाही आबा. मी तुम्हाला खोटं ठरवलं. दुसऱ्यांच्या घरात."

"लंगरात रोज कोन न् कोन वरडायचं माज्यावर. मीठ जास्त, मीठ कमी. त्येचं काय मनावर घ्येयाचं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिथंही थरथरत होता. "तू चांगल्यासाटीच केलंस."

माझं स्वतःचंच वाक्य त्यांनी मला दिलं. मला माफी हवी होती आणि त्यांनी मला बरोबर ठरवून टाकलं. भाऊ आला, गाडी सुरू झाली.

मी अजूनही तसंच खाते. मूग, मटकी, दही, कडक भाकरी. त्या खाण्यात काही खोट नाही, माझी तब्येत त्यावरच उभी आहे, आणि कुणी विचारलं तर सांगतेही. फक्त आता सांगताना आवाज चढत नाही. ऑफिसात दुपारी मी फाइल बाजूला सारून इतरांबरोबर जेवायला बसते. त्याला उशीर झाला, हे मला माहीत आहे.

मागच्या खेपेला गेले तेव्हा रानात कांद्याची काढणी चालली होती. वहिनीला घरी स्वयंपाकाला जायला फुरसत नव्हती. तिनं बांधावर पाटी पालथी घालून त्यावर फडकं पसरलं. भिजवलेले शेंगदाणे, काकड्या, सकाळच्या भाकरी, दही, नुकताच उपटलेला कांदा. भावानं आबांना धरून आंब्याखाली आणून बसवलं. सगळे गोल बसलो. आबांचा हात वाटीपर्यंत पोचत नव्हता. वहिनीनं भाकरी दह्यात कुस्करून वाटी त्यांच्या मांडीवर दिली आणि आपली भाकरी मोडायला लागली. आबा सावकाश खात होते. अर्धं सांडत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. माझी सांगलीची गाडी तीनची होती, भाऊ दोनदा म्हणाला, उठ, चुकंल. मी ती जाऊ दिली.